महाविद्यालयाचा सूचनाफलक

मनुष्यास उतारवयांत एखादें व्यसन असावेंच लागतें. कोणी तपकीर ओढतो, कोणी पत्ते कुटतो, कोणी वर्तमानपत्रांतील निधनवार्ता आधीं वाचून मग चहाचा पेला हातीं घेतो. आमचें व्यसन याहून निराळें आहे. आम्ही महाविद्यालयाचा सूचनाफलक वाचतों. सेवानिवृत्त झाल्यापासून सकाळीं फिरावयास निघावें, भोगावतीच्या बाजूनें वळसा घ्यावा आणि परततांना महाविद्यालयाच्या फाटकांतून आंत शिरून फलकापुढें चष्मा पुसत उभें राहावें, हा आमचा नित्यक्रम होऊन बसला आहे. मुलगी रोह्यास दिली असल्यामुळें महिन्यांतून चार दिवस आमचा मुक्काम तिकडे असतो. तेथेंही कुंडलिकेच्या कांठचें फिरणें आटोपलें कीं पाय आपोआप तेथील महाविद्यालयाकडे वळतात. आमचें कुटुंब म्हणतें, "ज्यांना कॉलेजांत जायला मिळालं नाहीं, ते म्हातारपणीं त्याच्या भिंती वाचीत बसतात." यांत टोमणा किती आणि सत्य किती, याचा निवाडा आम्हीं आजवर केलेला नाहीं.

आमचें शालेय शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचें, म्हणजे लोकांच्या भाषेंत मॅट्रिकचें. संस्कृत मात्र वडिलांनीं पहाटे उठवून शिकविलें. रूपावलि, समासचक्र, अमरकोश, आणि पुढें रघुवंशाचे कांहीं सर्ग, एवढी शिदोरी त्यांनीं बांधून दिली. त्यानंतर अध्यापनाची पदविका घेऊन प्राथमिक शाळेंत लागलों आणि निवृत्तीपर्यंत खडू झिजविला. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून चढण्याचा योग आला नाहीं तो नाहींच. त्यामुळें त्या इमारतीविषयीं आम्हांस अजूनही थोडें भय आणि बरेंच कुतूहल वाटतें.

कालिदासाच्या ऋतुसंहारांत वर्णनास आरंभ ग्रीष्मापासून होतो आणि शेवट वसंतानें. महाविद्यालयाचें वर्षही जवळ जवळ तसेंच आहे. जूनच्या उकाड्यांत प्रवेशाच्या रांगा लागतात, आणि आंब्याच्या मोहोरास कैरीचा वाटाणा धरूं लागला म्हणजे निरोपाची भाषा सुरू होते. माघ-फाल्गुनांत आमच्या बाजूच्या डोंगरउतारांवर पळस आणि पांगारा तांबडे होतात. पेणेंत आणि पलीकडे हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांतून भाद्रपदाची तयारी तोंवर ऐन रंगांत आलेली असते, आणि कित्येक विद्यार्थी सकाळीं तास करून दुपारीं मूर्तींस हात लावण्यास जातात. अशा वेळीं सूचनाफलकावर टांचणी टोंचावयासही जागा उरत नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांनीं बरीच वर्षें असा फलक पाहिला नसेल, त्यांच्यासाठीं एका फाल्गुनांतील मासला देतों. कोपऱ्यांत २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची पत्रिका असते. कवि कुसुमाग्रजांचा तो जन्मदिवस. त्या दिवशीं निबंध, वक्तृत्व आणि हस्ताक्षर यांच्या स्पर्धा ठरलेल्या. तिच्याच खालीं दुसऱ्या दिवसाची, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाची सूचना. सन १९२८ मध्यें त्या तारखेस सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं प्रकाशाच्या विकिरणाविषयींचा आपला शोध जाहीर केला, म्हणून हा दिवस पाळतात. मग ८ मार्चचें महिलादिनाचें व्याख्यान. राष्ट्रीय सेवा योजना महात्माजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, सन १९६९ मध्यें सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरांतील वनराई बंधाऱ्याचीं छायाचित्रें फलकाच्या कडेस लाविलेलीं. त्यांत घमेलें धरणाऱ्या हातांपेक्षां छायाचित्राकडे पाहून हंसणारीं तोंडें अधिक. पण बंधारा झाला खरा, आणि त्यांत पाणीही अडलें.

याखेरीज रोजच्या संसारांतल्या सूचना असतात. ग्रंथालयाचीं पुस्तकें अमुक तारखेच्या आंत परत करावीं, एरवीं ना-देणें प्रमाणपत्र मिळणार नाहीं. प्रयोगवह्या तपासून घ्याव्या. शिष्यवृत्तीच्या अर्जांतील त्रुटि दूर कराव्या. बारावीच्या परीक्षेचें केंद्र येथेंच असल्यामुळें अमुक दिवशीं पदवीचे तास होणार नाहींत. कोणाची तरी पाण्याची बाटली, कोणाचा तरी छत्रीचा दांडा कार्यालयांत जमा आहे. "ए. टी. के. टी." नांवाच्या एका परीक्षेची सूचना तर बारमाही. ही काय भानगड आहे म्हणून आम्हीं एकदां शिपायास विचारिलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, नापास झाला तरी पुढच्या वर्गांत बसायचं आणि मागचा विषय मागाहून सोडवायचा." आमच्या वेळीं ही दया असती तर किती जणांचीं आयुष्यें निराळीं झालीं असतीं, असा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

शिपायाशीं आमचा स्नेह जडण्याचें कारणही हा फलकच. "परिक्षा" आणि "निमीत्त" हे शब्द पाहिले कीं आमच्या डाव्या डोळ्याची पापणी फडफडते. एके दिवशीं राहवलें नाहीं म्हणून खिशांतील पेन काढून वेलांट्या दुरुस्त करीत असतां त्यानें आम्हांस पकडलें. रागावण्याऐवजीं तो म्हणाला, "दुरुस्त करा, पण लाल शाईनं नको, साहेब ओळखतील." तेव्हांपासून निळ्या शाईचें एक पेन आम्ही मुद्दाम बाळगतों.

या दोन्ही गांवांत पदवीचें शिक्षण मिळतें, ही गोष्ट आजच्या मुलांस हवा-पाण्यासारखी सहज वाटते. पण ती फार जुनी नव्हे. मुंबई विद्यापीठ सन १८५७ मध्यें स्थापन झालें, तरी त्यानंतर कितीतरी वर्षें कुलाबा जिल्ह्यांतील मुलास पुढें शिकावयाचें तर घर सोडून मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे, आणि घर सोडणें ज्यास परवडत नसे त्याचें शिक्षण तेथेंच संपे. रोह्याचे चिंतामणराव देशमुख सन १९१२ मध्यें मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले आणि संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. पुढें त्यांस मुंबईचें एल्फिन्स्टन कॉलेज आणि तेथून केंब्रिज गांठावें लागलें. तेच पुढें रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले आणि विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षही झाले. इतक्या व्यापांतून त्यांनीं मेघदूताचा मराठी अनुवाद केला, याचें आम्हां संस्कृतवाल्यांस विशेष कौतुक. आज रोह्याच्या महाविद्यालयास त्यांचें नांव आहे, आणि पेणेंत भाऊसाहेब नेने महाविद्यालय आहे. रोह्यापर्यंत आगगाडी आली, एस. टी. वाडीवस्तीपर्यंत गेली, जिल्ह्याचें नांव सन १९८१ मध्यें रायगड झालें. कासू, नागोठणें, निडी येथून येणाऱ्या मुलींचे घोळके सकाळच्या गाडींतून उतरतांना पाहिले म्हणजे आमच्यासारख्या जुन्या मास्तराचा ऊर भरून येतो. आमच्या वाडीच्या शाळेंत पाटीवर 'ग' गिरविलेली एक मुलगी अशाच एका घोळक्यांत दोन वर्षांपूर्वीं प्रथम दिसली, त्या दिवशीं आम्हीं घरीं येऊन कुटुंबास शिरा करावयास सांगितला होता.

येथपर्यंत सारें आनंदाचें झालें. आतां ज्यासाठीं लेखणी हातीं धरली तें सांगतों. ज्या फलकाची ही हकीकत आहे तो कोणत्या महाविद्यालयाचा, हें मुद्दामच सांगत नाहीं.

गेल्या फाल्गुनांतील बुधवारची सकाळ. फलकावर एक नवी यादी लागली होती. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणें तासांस शेंकडा ७५ उपस्थिति असावी लागते. ती ज्यांची भरत नव्हती त्यांचीं नांवें, आणि प्रत्येकापुढें उपस्थितीचा आंकडा. खालीं एक ओळ : या विद्यार्थ्यांनीं शनिवारपर्यंत पालकांसह उपस्थित राहून खुलासा करावा, अन्यथा परीक्षेस बसतां येणार नाहीं. आम्ही संवयीप्रमाणें वेलांट्या पाहत खालीं उतरत होतों, तों एका नांवाशीं थबकलों. तें त्या शिऱ्याच्या दिवशींच्या मुलीचें नांव होतें. पुढें आंकडा ४१.

ही मुलगी कातकरी समाजांतली. आमच्या जिल्ह्यांत हा समाज मोठ्या संख्येनें आहे. पूर्वीं खैरापासून कात काढण्याचा धंदा, म्हणून हें नांव. सरकारदप्तरीं त्याची गणना विशेष दुर्बल आदिम जमातींत होते. कित्येकांपाशीं स्वतःची जमीन नाहीं. दिवाळी झाली कीं वीटभट्टीचा किंवा कोळशाच्या कामाचा मालक पावसाळ्यांत दिलेली उचल वसूल करावयास कुटुंबेंच्या कुटुंबें घेऊन जातो. तेथें मजुरी दर हजार विटांमागें, आणि काम जोडीचें धरतात : एकानें चिखल करावयाचा, दुसऱ्यानें विटा थापावयाच्या. जोडींतलें एक माणूस आडवें झालें तर उचल फिटत नाहीं, आणि उचल फिटली नाहीं तर पुढल्या वर्षींही सुटका नाहीं.

मुलीचें नांव वाचलें आणि त्याच क्षणीं आमच्या डोळ्यांपुढें दुसरेंच एक नांव उभें राहिलें. तें तिच्या थोरल्या भावाचें. सन २००३ सालीं तो आमच्या शाळेंत चौथींत होता. हिशेबांत चलाख, अक्षर गोल आणि टपोरें. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. पौष गेला, माघ गेला. तपासणी जवळ आली, आणि पटावरील सततच्या गैरहजेरीबद्दल विचारणा होणार हें उघड होतें. नियम आमच्या बाजूस होता. आम्हीं तांबड्या शाईनें त्याचें नांव पटावरून कमी केलें. चैत्र संपतां संपतां तो परत आला. शाळेच्या दारांत उभा राहून त्यानें विचारिलें, "गुरुजी, माझं नांव कापलं काय?" आम्हीं सांगितलें, "जूनमध्यें ये, पुन्हां घालूं." जूनमध्यें तो आला नाहीं. आम्हीही त्याच्या वाडीवर गेलों नाहीं. वाडी शाळेपासून पाव कोसावर होती.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा सन २००९ चा. त्याच्या आधींची ही गोष्ट, म्हणून कोणी आम्हांस दोष दिला नाहीं. तपासणी निर्विघ्न पार पडली, शेरा चांगला मिळाला. परंतु गेलीं वीस-बावीस वर्षें अधूनमधून तें वाक्य आमच्या कानांत वाजत आलें आहे. व्याकरणांत जें दिसेनासें होतें त्यास लोप म्हणतात; पण लोप पावलेल्या प्रत्ययाचें कार्य मागें चालूच राहतें, असेंही पाणिनि सांगतो. आमच्या पटावरून लोप पावलेल्या त्या नांवाचें कार्य असें चालूच होतें.

फलकापुढें उभें राहून आम्हीं प्रथम स्वतःशींच वाद घातला. नियम वाईट नव्हे. तास बुडवून चहाच्या टपरीवर बसणाऱ्यांस त्यानेंच आवर बसतो. आपण शिक्षक, आपणच नियम वांकविण्याची भीड घालणें शोभत नाहीं. शिवाय आजकाल प्रत्येक सूचना विद्यार्थ्यांच्या मोबाइलवरही जाते. मग हिला कळलें कसें नाहीं? असा वाद घालीत घरीं आलों. कुटुंबानें सारें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हटलें, "तेव्हां पाव कोस होता. आतां किती आहे?"

भट्टी बारा किलोमीटरांवर होती. नातवाच्या दुचाकीवर मागें बसून आम्ही दुपारीं तेथें गेलों. उन्हांत विटांच्या रांगा वाळत पडल्या होत्या आणि धुराचा वास घशाशीं येत होता. ती मुलगी गुडघ्याएवढ्या खड्ड्याशेजारीं बसून सांचा मारीत होती. आम्हांस पाहतांच उठली, हात पदरास पुसले, आणि चिखलाचे हात लागूं नयेत म्हणून लांबूनच नमस्कार केला.

"यादींत तुझं नांव आहे, पोरी," आम्हीं म्हटलें.

"कसली यादी, गुरुजी?"

मग उलगडा झाला. आई पौषांत तापानें पडली, ती उठेना. जोडी मोडली. बापाची उचल डोक्यावर. हिनें आठ दिवसांसाठीं म्हणून सांचा हातीं घेतला आणि अडीच महिने गेले. मोबाइल होता, पण त्यांत पैसे भरलेले नव्हते. सूचना आल्या असतील त्या कोठें तरी हवेंतच राहिल्या. रामगिरीवरून अलकेपर्यंत निरोप पोंचविण्यास यक्षास एक मेघ तरी मिळाला. येथें बारा किलोमीटरांवर निरोप पोंचला नव्हता. झोपडींत गेलों तों उशाशीं प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळलेलीं पुस्तकें होतीं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत निम्म्याहून पुढें खूण घातलेली.

बापास शनिवारीं येतां येईना. तो आला असता तर ज्या जोडीसाठीं मुलगी अडकली होती ती जोडीच थांबली असती. तो मान खालीं घालून म्हणाला, "गुरुजी, तुम्हीच जा तिच्यासंगं." आम्ही जावयास तयार होतों, पण सूचनेंत शब्द पालक असा होता. इतक्यांत मागून आवाज आला, "मी येतो." भट्टीच्या ढिगावरून उतरून तिचा थोरला भाऊ पुढें आला होता. तिशी ओलांडलेला, केंसांत विटांची धूळ. त्यानें आम्हांस ओळखलें होतें. आम्हीं त्यास ओळखलें, पण त्याच्या नजरेस नजर देण्यास थोडा वेळ लागला.

शनिवारीं आम्ही तिघें प्राचार्यांच्या दालनाबाहेर बांकावर बसलों. आंत गेल्यावर आम्हीं भाषण योजून ठेविलें होतें, त्यांतलें अर्धेंही आठवलें नाहीं. प्राचार्यांनीं आमचें न ऐकतां मुलीसच सारें विचारिलें, हें त्यांनीं फार चांगलें केलें. तिनें न रडतां, न वाढवितां सांगितलें : आई आजारी, जोडी मोडली, मी विटा थापल्या, पुस्तक रात्रीं वाचलें. प्राचार्य म्हणाले कीं खऱ्या अडचणीचा विचार करण्यास नियमांत वाव आहे. मात्र तो मागावा लागतो, आणि मागावयास समोर यावें लागतें. राहिलेलें लेखी काम पंधरा दिवसांत पुरें करावें, ग्रंथालयांत रोज दोन तास बसावें, आणि पालकानें हमीपत्र लिहून द्यावें, असें ठरलें. भट्टीवरील जोडीचें काय, हा प्रश्न त्या दालनांत सुटण्यासारखा नव्हता. तो भावानें सोडविला. तो म्हणाला कीं माझी बायको आणि मी आमची जोडी उरकून संध्याकाळीं बापाच्या जोडीस हात लावूं.

कारकुनानें हमीपत्राचा कागद पुढें केला आणि संवयीनें शाईची उशी उघडली. भावानें ती हातानें बाजूस सारली, आमच्याकडे पाहून निळें पेन मागितलें, आणि सावकाश, जीभ दांतांत धरून, आपलें संपूर्ण नांव लिहिलें. अक्षर तेंच, गोल आणि टपोरें. चौथीच्या माघांत जेथें थांबलें होतें, तेथेंच तें अजून उभें होतें. मोठ्या माणसाच्या हातून चौथींतल्या मुलाचें अक्षर उमटलें. आम्हांस चष्मा काढून पुसावा लागला.

वाचकहो, या गोष्टीचा शेवट गोड झाला असें म्हणावयास आमची जीभ वळत नाहीं. मुलीची परीक्षा झाली. एक विषय राहिला, तो ती त्या ए. टी. के. टी. नांवाच्या दयेनें सोडवील. आई उठून कामास लागली आहे. पण उचल अजून फिटलेली नाहीं, आणि पुढल्या दिवाळीनंतर त्या फलकावर काय लागेल हें त्या भट्टीच्या हिशेबावर अवलंबून राहील. भावाचें नांव तर कोणत्याच यादींत पुन्हां यावयाचें नाहीं. त्याची क्षमा मागावी असें त्या दिवशीं बाहेर पडतांना फार मनांत आलें. आम्हीं "अरे, त्या वर्षीं..." एवढा आरंभ केला. तो म्हणाला, "जाऊं द्या, गुरुजी. आधी ह्याचं सांगा. माझा पोरगा जूनला सहाचा होतो. नांव घालायला कधी आणूं?"

आतां आमचा नित्यक्रम थोडा बदलला आहे. सूचनाफलक आम्ही अजून वाचतों, आणि वेलांट्याही दुरुस्त करितों. पण खिशांत निळ्या पेनाशेजारीं एक वही असते. वाडीवरचीं जीं मुलें महाविद्यालयांत आहेत त्यांचीं नांवें तींत आहेत. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, परीक्षेचा अर्ज, उपस्थितीची यादी यांतलें ज्याचें त्यास त्याच दिवशीं सांगावयाचें, फोन लागला तर फोनवर आणि न लागला तर जाऊन. काम मोठें नव्हे. टपालवाल्याचें आहे. पण ज्या शिक्षकांपाशीं निवृत्तीनंतर सकाळचा वेळ आणि चालते पाय शिल्लक आहेत, त्यांनीं आपापल्या गांवच्या फलकापुढें एकदां उभें राहून पाहावें. एखादें ओळखीचें नांव तेथें निघतेंच.

वहीच्या पहिल्या पानावर आम्हीं एक नांव लिहून ठेविलें आहे. तें कोणत्याही महाविद्यालयांतल्या मुलाचें नाहीं. जूनमध्यें तो मुलगा पहिलींत जावयाचा आहे. आणि तो नाहीं आला, तर वाडी पाव कोसावरच आहे.